धनी, दास आणि चवदार तळें

हेगेल या जर्मन तत्त्ववेत्त्यानें १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत धनी व दास यांचें एक प्रकरण घातलें आहे. मनुष्याचें आत्मभान एकट्याच्या मनांत पुरें होत नाहीं. दुसऱ्यानें त्यास ओळखावें लागतें, आणि तो दुसराही स्वतंत्र असावा लागतो, हा त्यांतील मुद्दा. धनी दासाकडून मुजरा घेतो खरा; परंतु ज्यास तो माणसांत जमेसच धरीत नाहीं, त्याच्या मुजऱ्याची किंमत ती काय? उलट, दास श्रम करितो, वस्तूस आकार देतो आणि त्या आकारांत त्यास स्वतःचें रूप दिसूं लागतें.

यांतील पूर्वार्ध आम्हांस निर्विवाद वाटतो. उत्तरार्धाविषयीं मात्र शंका आहे, आणि ती कोंकणांतील एका तळ्यानें उत्पन्न केली आहे.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावे, असा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलानें १९२३ सालीं केला. पुढील वर्षीं महाड म्युनिसिपालिटीनें चवदार तळें खुलें केल्याचें ठरविलें. सर्व कागदोपत्रीं राहिलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी तळ्यावर गेले व ओंजळीनें पाणी प्याले. लागलीच, हे लोक आतां देवळांत शिरणार अशी अफवा उठली व त्यांस मारहाण झाली. मागाहून तळ्यांत पंचगव्याच्या घागरी ओतून त्याचें शुद्धीकरण करण्यांत आलें.

त्या तळ्यावर गुरांस मज्जाव नव्हता, परधर्मीयांसही नव्हता. मग विटाळ कशाचा? गुरूं पाणी पितें तेव्हां तें बरोबरीचा दावा करीत नाहीं. म्हणून गुरांमागून कोणी घागरी ओतल्या नाहींत. शुद्धीकरण करणारांनीं तो दावा अचूक ओळखला होता. समोर माणूस आहे हें त्यांस कळलें, आणि कळलें म्हणूनच तें धुऊन काढण्याची एवढी घाई!

आतां श्रमाची गोष्ट. गांवकीचीं कामें या लोकांनीं पिढ्यान्पिढ्या केलीं, त्यांच्यावांचून गांवाचें पान हालत नसे. पण तेवढ्यानें त्यांची ओळख कोणास पटली नाहीं. हेगेलनेंही श्रमानें परस्पर-मान्यता पुरी होते असें म्हटलेलें नाहीं, हें न्यायासाठीं सांगितलें पाहिजे. तथापि महाडास जें घडलें तें श्रमानें नव्हे, मागण्यानें घडलें.

१९३७ सालीं हायकोर्टानें अस्पृश्यांच्या बाजूनें निकाल दिला. १९५० पासून राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता रद्द झाली. पाणी कोणी घ्यावें, हें कोर्ट सांगूं शकतें. शेजारीं घागर भरणारानें आपली घागर किंचित् दूर सरकविली, तर त्यावर हुकूमनामा बजावतां येत नाहीं. आणि सरकविणाऱ्यास त्या क्षणीं कोण ओळखतें, हेंही कोणी विचारीत नाहीं.