विरूपाक्षाचा आक्षेप

कथा-कादंबरीत आणि चित्रपटात समाजाच्या सर्व थरांतील माणसे दिसावीत ही मागणी आज बहुधा न्यायाच्या भाषेत केली जाते, आणि तिला मिळणारे उत्तर बहुधा कलेच्या भाषेत असते: कलावंताला मोकळीक हवी, कलाकृतीत माणसांची शिरगणती करू नये, जे उत्तम असते ते कोणत्याही जातीच्या वा देशाच्या रसिकाला भिडतेच. दोन्ही पक्ष प्रामाणिक असूनही वाद पुढे सरकत नाही, कारण कलेची सार्वत्रिकता म्हणजे नेमके काय, हा त्याच्या तळाशी असलेला प्रश्न कोणी हाती घेत नाही. भारतीय परंपरेला हा प्रश्न नवा नाही. भरताच्या नावावर असलेल्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात तो उभा आहे, आणि तिथे त्याला दिलेले उत्तर जितके उदार आहे तितकेच अपुरे आहे.

त्या अध्यायातील उत्पत्तिकथेनुसार इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे पाहताही येईल आणि ऐकताही येईल असे क्रीडेचे साधन मागतात. वेद शूद्रांच्या कानी पडू द्यायचे नाहीत असा निर्बंध असल्यामुळे सर्व वर्णांसाठी एक पाचवा वेद निर्माण करावा, अशी त्यांची विनंती असते. म्हणजे नाट्य हे एका बहिष्कारावरचा उपाय म्हणून जन्माला आले, असे खुद्द शास्त्रच सांगते. परंतु इंद्रध्वजाच्या उत्सवात होणाऱ्या पहिल्या प्रयोगाचा विषय असतो देवांनी दैत्यांचा केलेला पराभव, आणि तो पाहायला दैत्यही आलेले असतात. ते क्षुब्ध होतात आणि विरूपाक्षाच्या पुढाकाराने, विघ्नांना हाताशी धरून, प्रयोग बंद पाडतात. नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठून जाते. इंद्र आपल्या ध्वजदंडाने त्या दैत्यांना आणि विघ्नांना झोडपून काढतो, पुढे विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधवून त्याच्या रक्षणासाठी देव नेमले जातात, आणि मग देवांच्याच सूचनेवरून ब्रह्मदेव सामोपचाराने दैत्यांना कारण विचारतो. विरूपाक्षाचे म्हणणे असे, की देवांच्या इच्छेखातर निर्माण झालेल्या या नाट्यवेदात आमची मानखंडना आहे, आणि देव जसे ब्रह्मदेवापासून झाले तसेच दैत्यही त्याच्यापासूनच झालेले असल्यामुळे पितामहाने असे करणे योग्य नव्हते.

या आक्षेपाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. दैत्य रंगभूमीवर दिसत नाहीत, अशी विरूपाक्षाची तक्रार नाही. ते नाटकाच्या ऐन मध्यभागी आहेत. त्याचा रोख आहे तो नाटक कोणाच्या इच्छेने रचले गेले आणि त्यात अपमान कोणाच्या वाट्याला आला यावर. ब्रह्मदेवाचे उत्तर थोर आहे: नाट्य केवळ देवांचे नाही आणि केवळ दैत्यांचेही नाही, ते संपूर्ण त्रैलोक्याच्या भावांचे अनुकीर्तन, म्हणजे पुन्हा केलेले कथन आहे. कलेच्या सार्वत्रिकतेची याहून व्यापक व्याख्या शोधणे कठीण. मात्र चौथ्या अध्यायात पुढचे प्रयोग येतात ते अमृतमंथनाचे आणि त्रिपुरदाहाचे, आणि या दोन्ही कथांत हार पुन्हा असुरांचीच आहे. अमृतमंथन पाहून देव आणि दानव दोघेही संतुष्ट झाले, असे ग्रंथ नोंदवतो. परंतु ती नोंद निवेदकाची आहे, आणि स्वतः विरूपाक्षाला पुन्हा बोलताना ग्रंथ दाखवत नाही. तत्त्व सर्वांना सामावून घेणारे असले तरी कथेची निवड करणारा हात बदलला नाही तर काय होते, हे यातून स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रात हा आक्षेप शब्दशः नव्याने उभा राहिला तो जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ (1873) या ग्रंथात. अवतारांच्या ज्या कथा विजेत्यांच्या बाजूने सांगितल्या गेल्या होत्या त्या फुल्यांनी पराभूतांच्या बाजूने सांगितल्या, आणि वामनाने पाताळात घातलेला बळी हा प्रजेचा न्यायी राजा म्हणून पुढे आणला. या मांडणीच्या ऐतिहासिक आधाराविषयी मतभेद असू शकतात. पण बळीचे राज्य परत येवो अशी इच्छा मराठी घरांत सणाच्या दिवशी पिढ्यान्‌पिढ्या बोलून दाखवली जात होती, त्यामुळे दैत्यपक्षाची कथा लोकस्मृतीत जिवंत होती आणि तिला फक्त ग्रंथकार मिळायचा होता, हे नाकारता येणार नाही. त्याआधी 1855 मध्ये फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झालेल्या निबंधात असा प्रश्न केला होता, की वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता. ज्या निर्बंधामुळे पाचवा वेद निर्माण करावा लागला असे शास्त्र सांगते, त्याच निर्बंधाचा जाब इथे निर्बंध सोसणारी व्यक्ती स्वतःच्या तोंडाने विचारते आहे. 1885 मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण दिले असता फुल्यांनी ते पत्राने नाकारले, त्यामागचा विचारही हाच होता: जे सर्व माणसांचे हक्क मान्य करत नाहीत त्यांच्या सभेत आणि पुस्तकांत बहुजनांच्या व्यथांना खरी जागा मिळणार नाही.

इथे रससिद्धान्ताच्या बाजूने गंभीर हरकत येते आणि ती टाळणे योग्य नाही. भट्टनायकाने मांडलेली आणि दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने पूर्णतेला नेलेली साधारणीकरणाची कल्पना अशी, की नाट्यात भावाला चिकटलेली ‘हे माझे’, ‘हे परक्याचे’, ‘हे अमक्या ठिकाणचे’ ही विशेषणे गळून पडतात आणि त्यामुळेच त्याचा आस्वाद कोणालाही घेता येतो. अभिनवगुप्ताचे उदाहरण शाकुंतलातील, दुष्यंताच्या बाणापुढे धावणाऱ्या हरिणाचे आहे. ते विशिष्ट हरीण, तो विशिष्ट राजा, तो काळ आणि ते अरण्य मागे पडून भय तेवढे उरते. हे खरे असेल तर पात्र कोणत्या जातीचे आणि लेखक कोणत्या कुळातला, हा विचार रसाच्या आड येणाराच ठरेल.

हा सिद्धान्त खोटा नाही, आणि तो नसता तर एका माणसाचे दुःख दुसऱ्याला कळणे अशक्य झाले असते. तथापि ज्या रसिकाच्या मनात ही विशेषणे गळून पडतात तो कोण, याचे उत्तरही अभिनवगुप्त देतो: निर्मळ प्रतिभा असलेल्या हृदयाचा सहृदय हाच रसाचा अधिकारी. अशा हृदयाची मशागत विद्या, फुरसत आणि सहवास यांनी होते. ज्याला या गोष्टी नाकारल्या गेल्या त्याचे अनुभव त्या हृदयात संस्काररूपाने नसतात, आणि जे संस्कारात नाही त्याचे साधारणीकरण तरी कशाचे होणार? म्हणून ‘सार्वत्रिक’ म्हणून जे ओळखले गेले ते पुष्कळदा एका वर्गाच्या ओळखीचे होते.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (2013) या मुद्द्यासमोर ठेवला तर तो अधिक उजळतो. इथेही एक शिकार आहे, पण पळणारे जनावर डुक्कर आहे, पाठलाग करणारा कैकाडी कुटुंबातला जब्या आहे, आणि त्याला भय आहे ते आपल्याला हे काम करताना शाळेतली मुले पाहतील याचे. ही लाज जात, गाव आणि काळ यांपासून सोडवून ‘लाज’ म्हणून वेगळी काढता येत नाही. तसे केले तर ती उरतच नाही. अखेरच्या दृश्यात जब्याने भिरकावलेला दगड कॅमेऱ्याच्या दिशेने येतो तेव्हा प्रेक्षकाला स्वतःच्या जागेची, म्हणजे तमाशा पाहणाऱ्यांपैकी आपणही एक असल्याची जाणीव होते, आणि रसभंग म्हणून जे टाळायला सांगितले होते तेच या कलाकृतीचे शिखर ठरते. याच्या तुलनेत ‘अछूत कन्या’ (1936) आणि ‘सुजाता’ (1959) हे आपापल्या काळी धैर्याचे असलेले चित्रपट पाहावेत: पहिल्यातील कस्तुरीला रेल्वेखाली प्राण द्यावा लागतो, दुसऱ्यातील सुजाताला पालनकर्त्या आईसाठी रक्त द्यावे लागते, आणि त्यानंतरच त्यांचे माणूसपण पटते. दुसऱ्याच्या करुणेतून रचलेल्या कथेत हा जामीन बहुधा मागितला जातो.

मग ज्याचा अनुभव त्यानेच लिहावे, असा नियम करायचा का? ‘द क्रॅक्ड मिरर’ (2012) या गोपाळ गुरू आणि सुंदर सरुक्कई यांच्या संवादग्रंथात या प्रश्नाची फार काळजीपूर्वक चर्चा आहे. सरुक्कई यांचा एक भेद विशेष उपयोगी पडतो: जगलेला अनुभव हा केवळ घेतलेला अनुभव नसतो, कारण त्यातून बाहेर पडण्याची मुभा तो जगणाऱ्याला नसते; अभ्यासासाठी किंवा भूमिकेसाठी आठ दिवस वस्तीत राहणाऱ्याला ती असते. हा भेद मान्य केला म्हणजे परक्याने लिहू नये असे सिद्ध होत नाही, परंतु आपल्याला असलेली मुभा त्याने लपवू नये, एवढे नक्की सिद्ध होते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) टिकून आहे याचे एक कारण हेच असावे. धनगरांच्या वाडीकडे तिथला तरुण मास्तर पाहतो, आणि तो बाहेरून आलेला आहे हे कादंबरी कधीही विसरत नाही.

उलट बाजूने, जन्माने मिळालेला अनुभवसुद्धा आपोआप कथन होत नाही. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (1978) लिहिता-वाचता झालेला दया पवार आणि महारवाड्यात वाढलेला दगडू असे एकाच माणसाचे दोन भाग पाडून त्यांचा संवाद घडवला आहे, म्हणजे स्वतःचेच आयुष्य सांगण्यासाठी स्वतःपासून अंतर घ्यावे लागले आहे. आणि पराभूतांच्या बाजूने कथा सांगितली गेली की सर्वांचे सांगून झाले, असेही नाही. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ (1986) कितीतरी वर्षे घरच्यांपासून लपवून लिहिले, आणि त्यात गावाने महारांवर लादलेल्या गुलामीबरोबरच महारांच्या घरांत सुनांवर लादली गेलेली गुलामीही तितक्याच परखडपणे मांडली.