हक्क माणसाचा की घराचा?

अपंग माणसाने संसार थाटला की त्याचा भत्ता का कमी व्हावा, या एका प्रश्नावर फ्रान्सची संसद २०२० पासून २०२२ पर्यंत भांडत होती. १९७५ च्या कायद्याने तिथे प्रौढ अपंगांसाठी मासिक भत्ता सुरू झाला. अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर तो मिळतो. ५० ते ७९ टक्के असेल आणि त्यापायी नोकरी मिळणं वा टिकणं दीर्घकाळ अवघड झालं असेल, तरीही मिळतो. २०२१ मध्ये ही रक्कम महिन्याला जास्तीत जास्त ९०३ युरो होती. भत्ता मंजूर व्हायचा तो माणसाचं अपंगत्व पाहून. हातात किती पडणार हे मात्र जोडीदाराच्या पगारावर ठरायचं. मग ते रीतसर लग्न असो, नाहीतर नुसतं एका घरात जोडीने राहणं असो.

हिशेब कसा चालायचा हे पाहण्यासारखं आहे. एकट्या माणसासाठी उत्पन्नाची जी मर्यादा, तिच्या १८१ टक्के जोडप्यासाठी. नोव्हेंबर २०१८ च्या आधी ती दुप्पट होती. अपंग व्यक्तीची स्वतःची कमाई शून्य असेल, तर जोडीदाराचा पगार साधारण १,००० युरोंच्या वर गेला की भत्त्याला कात्री लागायची आणि सव्वादोन हजारांच्या पुढे तो पूर्ण बंद व्हायचा. तेव्हा फ्रान्समध्ये पूर्णवेळ कामाचं किमान वेतनच हातात १,२०० युरोंच्या आसपास येत होतं. म्हणजे दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या, रुग्णालयात फरशी पुसणाऱ्या माणसाशी जरी घरोबा केला तरी भत्ता घटणारच. त्यामुळे कित्येकांनी लग्न टाळलं, सोबत राहणं टाळलं, दोन पत्ते ठेवले.

सरकारची बाजू मात्र अगदीच पोकळ नव्हती. त्या वेळच्या अपंग कल्याण राज्यमंत्री सोफी क्लुझेल सांगत होत्या की हा गरजूंसाठीचा भत्ता आहे. आधी घराने सांभाळायचं, उरलेली उणीव राष्ट्राने भरून काढायची. इथे नियम सोडला तर इतर भत्त्यांतही तो सोडावा लागेल, ही भीतीही होतीच. आणि लक्षाधीशाच्या बायकोला सरकारने पैसे का द्यावेत, हा प्रश्न तर कुणालाही सुचेल.

पण या युक्तिवादाखाली एक गृहीत आहे: घरात आलेला पैसा घरातल्या प्रत्येकाचा असतो. आपल्यापैकी कुणालाही विचारा, हे खरं आहे का? कमावणाऱ्याच्या खात्यात पगार येतो. त्यातला किती, कधी आणि कसा द्यायचा, हे तो ठरवतो. धडधाकट गृहिणीलाही हे सोसावं लागतं, आणि ते अन्यायाचंच आहे. पण तिला निदान उद्या काम शोधायला बाहेर पडण्याची वाट असते, कितीही अरुंद का असेना. जिला उठून बसायला, अंघोळीला, औषध घ्यायला त्याच माणसाचा हात लागतो, तिच्याकडे ती वाटही नसते. अशा बाईच्या हातातले स्वतःचे चार पैसेही सरकारने काढून घेतले, तर घरातलं पारडं कायद्यानेच एका बाजूला झुकवलं असं होतं. घरात मारहाण होत असेल तर? निघून जायला गाडीभाडं हवं, भाड्याची खोली हवी. आणि पूर्ण भत्ता सुरू होणार तो वेगळं झाल्यावर. फ्रान्समधल्या अपंगांच्या आणि स्त्रियांच्या चळवळींनी नेमकं हेच मांडलं, आणि मला ते बिनतोड वाटतं. लक्षाधीशाकडून वसुली करायची तर आयकर आहे. त्यासाठी त्याच्या बायकोला त्याच्यापुढे हात पसरायला लावण्याची गरज नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये जानीन दुबिए या खासदारबाईंचं, जोडीदाराचा पगार न मोजण्याचं विधेयक सरकारच्या विरोधाला न जुमानता कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं. सिनेटकडे आलेल्या याचिकेवर १ लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि मार्च २०२१ मध्ये सिनेटनेही बाजूने कौल दिला. मग जूनमध्ये कनिष्ठ सभागृहात सरकारने घटनेतली एक तरतूद वापरून कलमवार मतदानच होऊ दिलं नाही. आपल्याला मान्य तेवढाच मसुदा मतदानाला ठेवला. विरोधक सभागृह सोडून गेले. पुढे २०२२ ची अध्यक्षीय निवडणूक आली, वारं फिरलं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कायदा झाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जोडीदाराचा पगार मोजणं बंद झालं. सरकारचा स्वतःचाच अंदाज होता की सुमारे १ लाख २० हजार लोकांना महिन्याला सरासरी ३०० युरो जास्त मिळतील.

एक गुंता राहिला होता. काही घरांत अपंग व्यक्तीच नोकरी करते आणि जोडीदार घरी असतो. जोडप्याच्या मोठ्या मर्यादेमुळे त्यांना आधी भत्ता मिळत होता. एकट्याचा हिशेब धरला तर तो घटला असता. म्हणून कायद्यात सोय केली: ज्यांचं नुकसान होईल ते जुन्याच पद्धतीवर राहतील.

आता आपल्याकडे, महाराष्ट्रात. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. दिव्यांग अर्जदारासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये, आणि तहसील कार्यालयातून आणायचा दाखला कुटुंबाचा. बारा महिन्यांत विभागले तर महिन्याला ४,१६६ रुपये. नवरा किंवा बायको कुठेही रोजच्या कामावर असेल, तर खरा दाखला या आकड्यात बसणं कठीण. म्हणजे एकतर उत्पन्न लपवायचं, नाहीतर अनुदानावर पाणी सोडायचं. आणि याच राज्यात अपंग व अपंगत्व नसलेल्या व्यक्तीच्या विवाहाला प्रोत्साहन देणारी योजनाही आहे. २०१४ च्या शासन निर्णयात त्यासाठी ५०,००० रुपयांची तरतूद होती. लग्नाला एकदा पैसे द्यायचे आणि त्याच लग्नापायी दरमहाचं अनुदान नाकारायचं, हे एकाच शासनाचे दोन हात आहेत, हे मंत्रालयात कुणाच्या लक्षात आलं नसेल का?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २४ वं कलम सामाजिक सुरक्षेचा हेतू सांगताना स्वतंत्रपणे जगता यावं असं म्हणतं. त्याच कलमात पेन्शनसाठी उत्पन्नाची मर्यादा ठरवण्याचा अधिकार शासनाला दिला आहे, पण ते उत्पन्न कुणाचं मोजायचं हे लिहिलेलं नाही. कुटुंबाचं मोजायचं हे आपण योजनेच्या नियमांत ठरवलं. तेव्हा फ्रान्ससारखी संसदेतली लढाई इथे लागणारही नाही. एक शासन निर्णय काढून दिव्यांग अर्जदाराच्या दाखल्यावर फक्त त्याचं स्वतःचं उत्पन्न धरता येईल, आणि ज्यांना जुना हिशेब फायद्याचा असेल त्यांना तो ठेवताही येईल.