काकूंची वही आणि माझं ॲप

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


मागच्या गुरुवारी आरतीनंतर कोणीतरी विचारलं, "दादा, तुमचं ते ॲप बंद का केलं?" मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर इथे लिहितो.

प्रोग्रामिंग माझा छंद, पोटापाण्याचा धंदा नाही. आपल्या प्रसाद-सेवेची नोंद काकू वर्षानुवर्षं लाल वहीत ठेवत. कोणाचा शिरा, कोणाची फुलं, कोणाकडे सतरंज्या धुवायला गेल्या. मला वाटलं, हे काय जुनाट! ॲप केलं. लॉगिन, ओटीपी, रंगीत तक्ते. उघडलं की आधी महाराजांचा फोटो आणि खाली ठळक अक्षरात 'निर्मिती' म्हणून माझं नाव. सगळ्यांनी वाहवा केली.

काकूंना ओटीपी काही जमेना. "राहू दे रे, तूच भर," म्हणाल्या. हळूहळू त्या मागे भिंतीशी बसायला लागल्या. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

गुरुपौर्णिमेच्या आदल्या रात्री मी हौसेनं काहीतरी 'सुधारलं' आणि ॲप उघडेचना. अकरा वाजता काकूंना फोन केला, वही आहे का? "वही आहे रे. पण तू ॲप केल्यापासून मी त्यात काही लिहिलं नाही."

राग नव्हता आवाजात. असता तर बरं झालं असतं.

डेटा सुदैवानं माझ्याच लॅपटॉपवर होता. त्यातली नावं काढून एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ओतली. एका ओळीत तारीख, नाव, सेवा, बस. तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस; मग 'सॉर्ट' म्हटलं की ओळी आपोआप क्रमानं लागतात. एखाद्या घरानं काय काय केलं हे पाहायचं तर 'ग्रेप' आणि नाव. ही युनिक्सची अवजारं 1970च्या दशकापासून आहेत, आजही तशीच चालतात. माझे तीन महिने ज्यात गेले, ते काम तासाभरात झालं.

फाईल उघडली होती 'विम'मध्ये. ब्राम मूलेनार यांनी 1991 साली तो फुकट वाटायला सुरुवात केली. ते 2023 मध्ये गेले. रिकामा विम उघडला की पडद्यावर युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा, अशी विनंती दिसते. कितीतरी वेळा पाहिली असेल, त्या रात्री नीट वाचली. आणि माझं ते ठळक 'निर्मिती' आठवलं.

म्हणजे ॲप वाईट होतं का? नाही. साठ घरांऐवजी सहा हजार असती तर तेच लागलं असतं. मी ते कोणासाठी केलं, हा प्रश्न आहे. सेवेच्या नावाखाली मी काकूंची सेवा काढून घेतली, आणि वर कौतुकही घेतलं.

आता गंमत बघा. परवा भाच्याला मोठ्या ऐटीत सांगत होतो, "आम्ही तर साधी फाईल वापरतो." तो म्हणाला, "मामा, तेव्हा ॲपचं असंच सांगायचात." गप्पच बसलो. साधेपणाचाही तोरा चढतो की!

काकूंकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा टाकला आणि वही काढली. आता गुरुवारी त्या वहीत लिहितात, मग मोठ्यानं वाचतात आणि मी टाइप करतो. कालच्या नोंदीत मी 'शिरा' दोनदा टाकला होता. त्यांनीच पकडलं.

॥ जय गुरुदेव ॥