जबाब आणि जबाबदारी

धडगाव किंवा मोलगीकडे विधिमंडळाच्या एखाद्या समितीचा दौरा ठरला, म्हणजे आधीच्या आठवड्यात अंगणवाडीच्या भिंतींना चुना लागतो, वजनकाट्यावरची धूळ पुसली जाते, आणि ठरल्या दिवशी मोटारींची रांग सातपुड्याचा घाट चढून येऊन, दोन पाड्यांवर थांबून, अंधार पडण्यापूर्वी नंदुरबारच्या विश्रामगृहाकडे परत फिरते. पुढे मुंबईत समितीपुढे खात्याच्या सचिवांची साक्ष होते. ती साक्ष असत्य असल्याचे उघडकीस आले तर त्या अधिकाऱ्यास शिक्षा व्हावी काय? माझे उत्तर होकारार्थी आहे. परंतु हा होकार देताना अनेक अटी माझ्या मनात उभ्या राहतात, आणि त्या अटींसाठीच हा लेख लिहीत आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून विभक्त झालेल्या या नंदुरबार जिल्ह्यात दोन तृतीयांशांहून अधिक वस्ती आदिवासींची आहे, आणि बालमृत्यूंच्या आकड्यांवरून विधानसभेत वारंवार गदारोळ उठलेला आहे. डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, की राज्यात प्रत्यक्षात दगावणारी बालके आणि सरकारी दप्तरात दगावणारी बालके यांच्या संख्येत विलक्षण तफावत आहे. ही तफावत मंत्रालयात जन्मत नाही. जिच्या हाती नोंदवही आहे, जिचे मानधन तुटपुंजे आहे आणि जिला मृत्यूची नोंद केल्याबद्दल शाबासकी नव्हे तर खुलासा मागणारा कागद मिळतो, ती अंगणवाडीताई एखादे मूल 'स्थलांतरित' दाखवते. पर्यवेक्षिका त्यावर सही करते. प्रकल्प कार्यालय बेरीज मांडते. जिल्हा परिषद ती बेरीज वर धाडते. आणि समितीसमोर उभा राहणारा सचिव, ज्याने तो पाडा कधी पाहिलेलाही नसतो, ती पूर्ण विश्वासाने वाचून दाखवतो. यात खोटे कोण बोलले? मला वाटते, ज्याला सत्य ठाऊक होते आणि ज्याला ते सांगण्याचे सामर्थ्य होते, तोच दोषी. ताईला ठाऊक होते, पण सामर्थ्य नव्हते. सचिवाला सामर्थ्य होते, पण बहुधा ठाऊक नव्हते, आणि ठाऊक करून घेण्याची त्याला निकडही भासली नव्हती. या शेवटच्या बेफिकिरीला शिक्षा कोणती, हे मात्र कोणत्याच नियमावलीत सापडत नाही. 'कार्यवाही प्रगतिपथावर आहे' हे वाक्य तर असत्य ठरवताच येत नाही, म्हणून तेच सर्वांत अधिक वापरले जाते.

सचिवाच्या कृतीचा जाब कोणाला विचारावा, या प्रश्नापाशी मुंदडा प्रकरणाची आठवण होते. नुकत्याच स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने १९५७ साली हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे समभाग घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत विषय लावून धरला. आणि न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत भर सभागृहात, लोकांच्या गर्दीसमक्ष, चौकशी चालवली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी सचिवांकडे बोट दाखवीत होते, पण आपल्या सचिवाच्या कृतीची जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असा छागलांचा अभिप्राय पडला, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत मंत्री पायउतार झाले. ते सचिव, एच. एम. पटेल, पुढे १९७७ साली स्वतःच देशाचे अर्थमंत्री झाले, हा नियतीचा विनोद जाता जाता नमूद करण्याजोगा आहे.

छागलांच्या चौकशीला वजन आले ते तिच्या निःपक्षपातामुळे. विधिमंडळाचे सभागृह स्वतःच शिक्षा देऊ लागले, की हे वजन उरत नाही. घटनेच्या अनुच्छेद १९४ ने सभागृहास विशेषाधिकार दिले आहेत, आणि २००८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र विधानसभेने राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना विशेषाधिकारभंगाबद्दल दोन दिवसांची कैद फर्मावली. पण तेथे वाद सभागृहाच्या मानाचा होता, कोणत्याही आदिवासी बालकाचा हिशेब त्यात चुकलेला नव्हता. मानभंगाला कैद आणि खोट्या आकड्यांना फार तर नापसंतीचा शेरा, हा क्रम मला उलटा वाटतो. शिवाय जे सभागृह फिर्यादी, तेच न्यायाधीश, आणि त्यात बहुमत मंत्र्यांच्या पक्षाचे. तेव्हा मंत्र्याच्या इशाऱ्यावरून खोटे बोललेला अधिकारी सुटणार आणि मंत्र्याला अडचणीचे सत्य सांगणारा अडकणार, ही भीती निराधार म्हणता येत नाही.

समित्यांच्या पावित्र्याविषयीही भाबडेपणा नको. २०२५ च्या मे महिन्यात विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तेथील शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत १ कोटी ८४ लाखांहून अधिक रोकड सापडली. ती समितीच्या सरबराईसाठी होती, असा आरोप माजी आमदार अनिल गोटे यांनी केला, समितीकडून त्याचा इन्कार झाला, आणि प्रकरण विशेष तपास पथकाकडे गेले. आरोप खरा की खोटा, ते तपास सांगेल. पण तपासणाऱ्याचीच तपासणी करावी लागावी, अशा वातावरणात अधिकाऱ्याने सत्यच बोलावे हा आग्रह कोणत्या तोंडाने धरावा?

तरीही तो धरलाच पाहिजे. साक्ष शपथेवर व्हावी. जाणूनबुजून दिलेल्या खोट्या साक्षीचा निवाडा सभागृहाने नव्हे, न्यायालयाने करावा. कनिष्ठाला खोटे लिहावयास लावणाऱ्या वरिष्ठास अधिक शिक्षा व्हावी. आणि सत्य नोंदवणाऱ्या अंगणवाडीताईला खुलासा मागणारा कागद कदापि जाऊ नये. समितीच्या सन्माननीय सदस्यांना एकच विनंती आहे. पुढच्या खेपेस विश्रामगृहाकडे परतण्याची घाई करू नये. मोलगीस मुक्काम करावा, आणि सचिवांची साक्ष तेथेच, ज्यांच्याविषयी ते आकडे आहेत त्या आयाबायांना समोर बसवून घ्यावी.