कुरणात गेलेली शाळा

1945 साली ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. त्याच वर्षी आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारली आदिवासी वेठबिगारीविरुद्ध एकत्र आले होते. जिथे मोठ्यांचा आपल्या घामावरही हक्क नव्हता, तिथली पोरे आपणहून बालवाडीत कशी येणार?

मग बालवाडीच वस्तीत गेली. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, गाणी, गोष्टी हे सारे त्यांच्याच अंगणात होऊ लागले. शिंपले, बिया, पाने, खडे हे शिकवण्याचे साहित्य झाले. केंद्र पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली मोठी मुले गुरे राखायची, म्हणून शिक्षक रानात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली. धाकट्या भावंडांना सांभाळण्यात मुलींची शाळा बुडू नये, यासाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली.

मूल का येत नाही, हे आधी विचारायचे आणि मग शाळेची वेळ, जागा, साहित्य बदलायचे, ही कोसबाडची रीत होती.

अंगणात भरणाऱ्या अशा बालवाडीचे ‘अंगणवाडी’ हे नाव 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेने देशभर नेले. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी वर्षात दहा दिवस दप्तराविना ठेवले. ते हवेतच, पण शाळेचे गावाशी नाते दहा दिवसांत आटोपत नाही. घोलवडच्या चिकूचेच पाहा: त्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिकूच्या वाडीत कलम, वजन, प्रतवारी, बाजारभाव असे विज्ञान आणि गणित रोज घडते. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी तांदळाच्या पिठाची वारली चित्रे जगभर नेली आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळवली. अशा चित्रकारांना, बागायतदारांना, खाडीवरच्या मच्छीमारांना वर्गात शिक्षकाचा मान मिळायला हवा.

यातून आदिवासी मूल गावातच अडकेल, अशी शंका काहींना येते. कोसबाडला तर गुराख्याच्या हाती अक्षर पोहोचवण्यासाठीच कुरण गाठले होते. ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करून पुस्तकापर्यंत, पुढे महाविद्यालयापर्यंत मूल पोहोचले पाहिजे. त्यात तडजोड नको.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. डहाणू-तलासरीतल्या प्रत्येक समितीने पुढच्या बैठकीत न येणाऱ्या मुलांची यादी समोर ठेवावी आणि त्यांच्यासाठी शाळेने काय बदलायचे, ते तिथेच ठरवावे.