राखणदार

जावा बेटावर, योग्यकार्ता शहराच्या उत्तरेला, मेरापी नावाचा ज्वालामुखी उभा आहे. त्याच्या नावातच 'आपी' म्हणजे अग्नी आहे. तरीही माणसे पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या उतारावर संसार करीत आली. कारण त्याच्याच राखेने त्यांची शेते पिकतात. या शेजारातून त्यांना एक शहाणपण लाभले आहे. शिखरावरून झेपावणाऱ्या तप्त राखेच्या लोटाला ते 'वेदुस गेंबेल' म्हणतात. म्हणजे दाट लोकरीचे मेंढरू. हे नाव डोळ्यांनी पाहिल्यावाचून सुचायचे नाही. आणि लहानपणीच ते ज्याच्या कानी पडले, त्याला तसा लोट दिसताच कोणी 'पळ' म्हणून सांगावे लागत नाही.

या डोंगराला एक राखणदार असतो. सुलतानाने त्याला नेमायचे आणि दरबारातून दरवर्षी येणारे उपचार त्याने डोंगराला अर्पण करायचे, अशी तिथली रीत. १९८२ साली हे पद मारिजान यांच्याकडे आले. लोक त्यांना 'म्बाह', म्हणजे आजोबा, म्हणत. २००६ साली डोंगर खवळला, सरकारने गाव सोडायला सांगितले. आजोबा हलले नाहीत. गावही वाचले! त्यांचे नाव देशभर झाले.

मला वाटते, घात तिथेच झाला. एकदा दैवाने दिलेली साथ ज्ञानाच्या खात्यावर जमा झाली. २५ ऑक्टोबर २०१० रोजी शास्त्रज्ञांनी सर्वांत वरचा इशारा दिला. दुसऱ्या दिवशी सायंकाळी तो लोट किनाहरेजो गावावर उतरला. त्र्याऐंशी वर्षांचे आजोबा आपल्या घरीच गेले. पण ते एकटे गेले नाहीत. शेजारीपाजारी गेले, त्यांना खाली आणायला वर चढलेलेही गेले.

आपल्या व्रतासाठी मरण्याचा अधिकार माणसाला असेल. त्या निष्ठेपुढे माझे मस्तक नमते. परंतु ज्याच्या पावलाकडे पाहून इतर जण आपले पाऊल उचलतात, त्याचे पाऊल त्याच्या एकट्याचे उरते काय? आणि राखणदाराने राखायचे कोणाला? डोंगराला, की डोंगराखालच्या माणसांना?

त्याच महिन्याभरात लाखो लोक घरेदारे सोडून खाली उतरले. वेळेवर दिलेल्या इशाऱ्यांमुळे दहा ते वीस हजार जीव वाचले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. उतरलेल्यांनी परंपरा मोडली, असे मी म्हणणार नाही. मेंढराचे ते नाव पूर्वजांनी उगीच का ठेवले होते?

आज संध्याकाळी आजी पणती लावील. एका हाताने ती ज्योतीला वाऱ्यापासून जपेल, आणि दुसऱ्याने नातवाचा पुढे आलेला हात मागे ओढील. दोन्ही हात तिचेच.