अस्वल आणि अश्वत्थामा

सन २००२ची गोष्ट. आमच्या शाळेत पहिला संगणक नुकताच आला होता, आणि त्याच्याजवळ जायला धजावणारा मास्तर मी एकटाच असल्यामुळे त्याचे मालकपण आपोआप माझ्याकडे आले होते. एके दुपारी जिवलग मित्राचे ईमेल आले. मजकूर घाबराघुबरा होता. तुझ्या यंत्रात विषाणू शिरला आहे. नामांकित विषाणूनाशकांनाही तो सापडत नाही. १४ दिवस तो निजून राहतो आणि मग सारे उद्ध्वस्त करतो. अमुक नावाची फाइल शोध, तिच्यावर अस्वलाच्या पिलाचे चित्र दिसेल. ती पुसून टाक आणि ओळखीच्या सर्वांना ताबडतोब कळव.

मी शोधले, आणि अस्वल सापडले! अंगावर सर्रकन काटा आला. ते पुसले आणि माझ्या यादीतल्या ४१ जणांना तोच इशारा धाडला. त्या रात्री परोपकाराच्या समाधानाने मला गाढ झोप लागली.

विषाणू नव्हताच. ते अस्वल म्हणजे मायक्रोसॉफ्टनेच विंडोजबरोबर दिलेल्या एका निरुपद्रवी फाइलचे चिन्ह होते. जावा भाषेत आज्ञावली लिहिणाऱ्या मोजक्या लोकांना ती लागे. इतरांना तिचा पत्ताही नसे. पत्रातला पुरावा खरा होता, आणि फसवणूक झाली ती त्या खऱ्या पुराव्यामुळेच. ‘डाव्या बरगडीखाली काही धडधडते का पाहा, धडधडत असेल तर रोग जडला म्हणून समजा,’ असे कोणी सांगावे, आपण छातीवर हात ठेवावा आणि पांढरेफटक पडावे, त्यातलाच हा प्रकार. प्रत्येक धडधाकट यंत्रात जे असायचेच, ते आपल्याकडे सापडले म्हणून आम्ही हबकलो!

असली पत्रे नवी नव्हेत. १९९४ साली ‘गुड टाइम्स’ या मथळ्याचे ईमेल उघडू नका, यंत्र नासेल, असा इशारा जगभर फिरला. तसे ईमेल अस्तित्वातच नव्हते. फिरत होता तो केवळ इशारा. त्याहून मागे गेले तर देवाच्या नावाची पोस्टकार्डे आठवतात. इतकी लिहाल तर भरभराट, न लिहाल तर अनर्थ. माझी आई दिवसभराच्या कामानंतर कंदिलाशी बसून ती लिहीत असे. पण तिला कार्डाला पैसे पडत आणि बोटे दुखत. लबाडीला तेवढा तरी जकातनाका होता. मला एक कळ दाबावी लागली.

बँकेच्या नावाने गुप्त क्रमांक विचारणारी, न काढलेल्या लॉटरीचे बक्षीस देऊ करणारी पत्रे ओळखणे त्या मानाने सोपे. तिथे कोणाला तरी आपले पैसे हवे असतात. घाई, गुप्तता आणि लोभ यांचा वास दुरूनच येतो. परंतु अस्वलाच्या पत्रात कोणाला काहीच नको होते. ते ज्याच्या त्याच्या सज्जनपणावर चालले होते. मित्राने मला माझ्या हितासाठी लिहिले, मी इतरांना त्यांच्या हितासाठी. मग पाप कोणाचे?

इथे मला द्रोणाचार्य आठवतात. अश्वत्थामा मेला, हे भीम ओरडून सांगत होता. द्रोणांनी ते मानले नाही. त्यांनी धर्मराजाला विचारले. खोटे बोलायला भीम पुरतो, पण ते खरे मानले जायला युधिष्ठिराचे तोंड लागते. त्या बिचाऱ्याने निदान ‘नरो वा कुंजरो वा’ पुटपुटले तरी होते. हत्ती मेला आहे, हे त्याला ठाऊक होते. मला तेही ठाऊक नव्हते, आणि मी ते विचारलेही नाही.

‘पण नुकसान कोणाचे झाले?’ असे मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावले. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ सालच्या एका निबंधात जहाजमालकाचे उदाहरण दिले आहे. जहाज जुने, मालकाच्या मनात शंका; पण ती दाबून तो उतारूंना प्रामाणिक विश्वासाने निरोप देतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, ते सुखरूप पोचले असते तरी मालकाचा दोष तसूभरही कमी झाला नसता. तो उघडकीस आला नसता, इतकेच. मला तर शंकासुद्धा आली नव्हती. ती यायला हवी होती, हाच माझ्यावरचा आरोप.

पुढे ही पत्रे संगणकावरून खिशातल्या फोनवर आली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या माणसांना, जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. ते पुढे पाठवणाऱ्यांत कितीतरी आया असतील. ‘मुलांना सांभाळा’ एवढेच त्यांना म्हणायचे असेल. त्या बातमीनंतर मला माझे अस्वल पुन्हा दिसू लागले.

खरी गोष्ट कळल्यावर मी चुकीची कबुली देणारे पत्र लिहिले होते. इशारा ४१ जणांना गेला होता. कबुली गेली ती नऊ जणांना, तीही ज्यांच्यापुढे लाज वाटणार नाही अशांना. उरलेल्यांत मला शिकवलेले गुरुजी होते. त्यांचे उत्तर मात्र इशाऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी आले होते. मुलाकडून टंकून घेतलेले, दोन ओळींचे: ‘ताबडतोब पुसून टाकले. तू लिहिलेस म्हणजे खरेच असणार.’ पुढे सात-आठ वर्षे ते होते. भेट झाली की ते त्या अस्वलाची आठवण काढीत, मी त्यांचा संगणक वाचवला म्हणून आल्यागेल्याला सांगत, आणि मी चहाचा पेला हातात घेऊन खाली पाहत असे.